आक्का, भुऱ्या आणि मी काढलेला बार

आक्का, त्या दिवशी ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटला नव्हता. बंदुकीचा बार मी काढला होता. तू हसनाबादच्या बाजाराला गेली होतीस, तुझा सहा महिन्यांचा कुत्रा भुऱ्या माझ्यापासून चार हातांवर बसला होता, आणि मी त्याच्या कानाशी तुझी बंदूक उडवली. हे तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी तीन वर्षं आपण दोघांनी तो सगळा दोष त्या बिचाऱ्या सायलेन्सरवर ढकलला. आज तुला जाऊन पंधरा दिवस झाले. आता ते खोटं कुणासाठी जपायचं, म्हणून आधी हेच सांगून टाकतो.

तुझ्या लेकाने, विलासने, मला पेपरात द्यायला चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. लिहून दिल्या. त्यात एक प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक बाई आली, तिच्यामागे मुलगा, सून, नातवंडं असा परिवार आला. तू काही त्यात आली नाहीस. मनमिळाऊ तर तू कधीच नव्हतीस. माझ्याशी तू साठ वर्षं भांडलीस, आणि त्यातलं एक भांडण तर अर्धंच टाकून गेलीस.

ते भांडण भुऱ्यावरूनच सुरू झालं होतं. कुत्र्याला हुकूम लागतो असं माझं म्हणणं, आणि तू म्हणायचीस, "हुकूम काय करायचा त्याला? त्याला मानूस पायजे." मी जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, शेवटची बारा वर्षं माणसांना हुकूम सोडण्यातच गेली. निवृत्त झालो तेव्हा घरात हुकूम ऐकायला कुणी उरलं नव्हतं. बायको आधीच गेली होती, मुलगी सासरी. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी टीव्हीला हुकूम देत बसायचो. तूच फोन करून म्हणालीस, "मधू, तिथं बसून भिंतीसंगं बोलून राह्यलास का? ये इकडं. डुकरांनी मका लोळवलाय." मी आलो ते चार दिवसांचे कपडे घेऊन.

दाजी गेल्यावर त्यांची पीक राखायची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करून मोकळं व्हावं असं सगळ्यांचं मत होतं. तू परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायला निघालीस. मी तुझ्यासोबत आलो होतो. कारकुनाने कागदावरून डोळे वर करून विचारलं, "बाई, पण बंदूक चालवणार कोण?" तू म्हणालीस, "जिच्या नावावर हाय ती." त्याने अर्ज ठेवून घेतला. बाहेर आल्यावर तू उसाचा रस पाजलास आणि वर मलाच ऐकवलंस की भावाने तोंड उघडायला पाहिजे होतं.

त्या बंदुकीत तू कधी छर्रा घातला नाहीस. नळीत बारूद ओतायची, वर चिंधी घालून गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी चढवायची आणि आभाळाकडे तोंड करून घोडा दाबायचा, एवढंच. नुसता आवाज. "आवाजानं जातंय तर जीव कामून घ्यायचा," म्हणायचीस. पण रानडुकरं काही खुळी नाहीत. आवाज होतो, पुढे काही होत नाही, हे त्यांना दोन हंगामांत कळलं. बार झाला की चार पावलं पळायची, थांबायची आणि पुन्हा कणसांत तोंड घालायची. मग तू ठरवलंस की बारामागे कुत्रं पाहिजे. बार झाला की कुत्र्याने अंगावर जायचं आणि ओढ्यापार नेऊन सोडायचं. म्हणजे बार आणि कुत्रं एकाच जागी उभं राहायला हवं, आणि सगळी मेख तिथेच होती. गावातलं एकही कुत्रं बंदुकीशेजारी उभं राहत नव्हतं. बार झाला की डुकरांच्या आधी तीच घर गाठायची.

पिल्लू निवडायला आपण धनगरांच्या वाड्यावर गेलो होतो. कारवानी जातीच्या कुत्रीची पाच पिल्लं, सगळी नुसती पायच पाय. मी छाती, पंजे, जबडा बघत होतो, कारण मोबाइलवर तसं सांगितलं होतं. तू बोलता बोलता हातातलं पितळी झाकण दगडावर टाकलंस. चार पिल्लं पळाली. एक जागचं हललं नाही. मी म्हणालो, हेच घे, धीट आहे. तू मानही हलवली नाहीस. जरा वेळाने पळालेल्यातलं एक, मातकट रंगाचं, मान लांब करत परत आलं आणि झाकणाला हुंगायला लागलं. तू त्याला उचललंस. "पळालं ते बराबर हाय," म्हणालीस. "पळालंच न्हाई ते बहिरं आसंल न्हाईतर येडं. जे पळून परत बघायला आलं ते आपलं." धनगर म्हातारा हसला. त्याच्यासमोर तू मला बहिरा, वेडा की काय म्हणालीस असं मला वाटलं आणि मी घरी येईपर्यंत फुगून बसलो.

तुझी शिकवायची पद्धत मी किती हसण्यावारी नेली. आखाड्यावरच्या घराजवळच्या विहिरीपासून मक्याच्या रानापर्यंत आठ बांध. भुऱ्याला विहिरीपाशी दुधात बुडवलेली भाकर द्यायची, आणि आठव्या बांधावरून कौसाबाईने तेलाचा रिकामा डबा वाजवायचा. एकदाच. तो खात राहिला तर दुसऱ्या दिवशी कौसाबाई सातव्या बांधावर. खाता खाता थांबला तर दोन बांध मागे. डबा अंगणात आला की पुन्हा आठव्या बांधापासून गोफण. गोफण संपली की मग बंदूक, तीही आठव्या बांधावरूनच. मी विचारलं, किती दिवस चालणार हे? तू म्हणालीस, "त्याला इचार."

कौसाबाई वीस वर्षं तुझ्या रानात खुरपायला येते, पण गोफण चालवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. दगड सुटताना दोरीच्या शेपटाचा जो कडाका होतो, तो ऐकून मीसुद्धा दचकायचो. तू भुऱ्याचे पाय बघायची नाहीस, शेपूटही नाही. ओठ बघायचीस. "जीभ भाईर काढून ओठ चाटला की समज, पोटात भ्या शिरलं. पाय लई उशिरा सांगतेत." मी ते मोबाइलवर शोधलं आणि निघालं खरंच. तुला सांगितलं नाही. तुला काही सांगायचं म्हणजे माझ्या पोटात दुखायचं.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, तशी नोटीस आली. डबा संपला होता, गोफण चौथ्या बांधावर होती. तू म्हणालीस, काय घाई नाही, बंदूक परत आल्यावर बघू. मला मात्र राहवेना. दोन महिने हे कुत्रं गोफण ऐकत भाकर खाणार आणि डुकरं मका खाणार, हे माझ्या ऑफिसातल्या डोक्याला पटत नव्हतं. एका बारात त्याची भीती मोडून दाखवतो, मग आक्काला कळेल, असं मी ठरवलं. खरं कारण एवढंच, आक्का. मला तुला दाखवायचं होतं.

तू बाजाराला गेल्यावर मी बंदूक काढली. दाजींना ठासताना लहानपणापासून बघितलं होतं, त्यामुळे येतं असं वाटलं. अंदाजाने बारूद ओतली, नक्कीच दुप्पट. चिंधी गच्च ठासली. भुऱ्याला म्हणालो, "बस." तो बसला, कारण मी आठवडाभर त्याला "बस" शिकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याने ओठ चाटला. मी ते बघितलं, आक्का. बघूनही घोडा दाबला.

त्या बाराने माझ्याच कानात दिवसभर शिट्टी वाजत होती. धूर निवळला तेव्हा भुऱ्या नव्हता. तो बसला होता तिथली माती तेवढी ओली झाली होती. मी हाका मारत ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो, बंदूक पुसली आणि जिथल्या तिथे ठेवली. तू बाजारातून आलीस तेव्हा सांगितलं की रस्त्यावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटला आणि भुऱ्या बिचकून पळाला. तू हातातली पिशवी खाली ठेवलीस. माझ्याकडे बघितलंस, बंदुकीच्या कोपऱ्याकडे बघितलंस. एवढंच म्हणालीस, "आधी कुत्रं शोधू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कौसाबाईला सापडला, शेजारच्या रानातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या गंजीत, पार आत शिरलेला. हात घातला तर दात दाखवत होता. मला पुढे यायला तू मनाई केलीस. तू गंजीकडे पाठ करून बसलीस आणि सुपात शेंगा घेऊन फोडायला लागलीस. हाक नाही, चुचकारणं नाही. ऊन कलेपर्यंत तू तशीच बसलीस. मी बांधावरच्या बोरीखाली बसून बघत होतो. मला वाटलं होतं तू त्याच्याशी बोलशील. सूर्य खाली गेल्यावर भुऱ्याचं नाक गंजीतून बाहेर आलं, मग मान, मग सगळा तो, आणि येऊन तुझ्या पाठीला टेकून बसला. तू तरी वळली नाहीस. हातातल्या शेंगा संपवल्यास आणि मग उठलीस.

त्याच्या दुसऱ्या सकाळी तू चुलीवर पाणी तापवलंस आणि अंगणात बसून बंदुकीच्या नळीत ओतलंस. खालून काळंकुट्ट पाणी निघालं. बारूद उडालेली नळी नुसती बाहेरून पुसून चालत नाही, आतून धुवावी लागते, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. मी हातात चहाचा कप घेऊन उभा होतो. तू पाणी स्वच्छ येईपर्यंत ओतत राहिलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "सायलेन्सर लईच जोरात फुटला म्हनायचा."

तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंसं वाक्य होतं, आणि तू ते बोलायला जागाही करून दिली होतीस. पण मी कप विसळायला आत गेलो.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, पिशवी भरून जाफराबादची एसटी धरून तिकडे चुलत्यांकडे जाऊन बसलो असतो आणि चार दिवसांनी सगळं विसरलो असतो. तू तसं काही केलं नाहीस. बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात देऊन आलीस आणि संध्याकाळी म्हणालीस, "उद्यापासून भुऱ्याला भाकर तू द्यायची. मी देनार न्हाई, कौसाबाईबी देनार न्हाई."

"माझ्या हातून तो खाईल का?"

"न्हाई खानार."

"मग?"

"मंग उपाशी ऱ्हाईल. त्याला काही न्हाई व्हत एक दोन दिवस. तुला व्हईल."

आणि मला झालं. दोन दिवस तो माझ्या हाताकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. मी हातात काठी घेतली तरी तो जमिनीला चिकटायचा. मी साठीचा माणूस, कुत्र्याने भाकर खाल्ली नाही म्हणून माझ्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी मला तू गंजीपाशी बसली होतीस ते आठवलं. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो, भाकरीचा तुकडा मागच्या मागे जमिनीवर ठेवला आणि तुझ्या घरची जुनी पंचांगं वाचत बसलो. किती वेळ गेला माहीत नाही. चपचप आवाज आला. मी वळलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी वळून बघितलं नाही.

तिथून पुन्हा आठवा बांध. पुन्हा डबा, मग गोफण. या वेळी दर बांधाला तीन-तीन दिवस लागले. सकाळी मी भाकर घेऊन विहिरीपाशी, तू किंवा कौसाबाई पलीकडे. दिवाळी आली तेव्हा मी म्हणालो, आता गावात फटाके उडणार आणि आपलं सगळं पाण्यात जाणार. तू खूश होतीस. भुऱ्याला आखाड्याच्या आतल्या खोलीत घेतलंस, मला भाकरीची टोपली दिलीस आणि दारं लावलीस. गावाकडे फटाका वाजला की एक तुकडा. "गाव आपल्यासाठी बार काढून राह्यलंय, वाया कामून घालवायचं," म्हणालीस. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दोघं आणि ते कुत्रं चार भाकरी खाऊन बसलो. शेवटी फटाका वाजला की भुऱ्या टोपलीकडे बघायला लागला. तू मला करंजी दिलीस, अर्धीच, आणि म्हणालीस की तुलाबी लागली सवय.

निकाल लागले, बंदूक परत आली. पहिला बार तू आठव्या बांधावरून काढलास, अगदी चिमटीभर बारुदीचा. मी विहिरीपाशी भाकर धरून बसलो होतो. फट्ट झालं. भुऱ्याने कान उभे केले, मक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओठ चाटला नाही. पुढचा घास घेतला. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं नाही असं तू बजावलं होतंस. तू आठ बांध चालत आलीस आणि मला विचारलंस, "रडतोस कामून?" मी म्हणालो, धूर गेला डोळ्यांत. आठ बांधांवरून. तू हूं म्हणालीस. माझी खोटी कारणं तू कायम अशीच ठेवून घेतलीस.

आक्का, त्या दीड महिन्यात भुऱ्या शिकला, ते ठीकच. पण रिकामं घर आणि रिकामे दिवस घेऊन आलेला मी त्या भाकरीच्या तुकड्यांवर माणसात आलो, आणि हे मी तुला कधी म्हणालो नाही. भावाबहिणीत आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, पण आज कुणी अडवायला नाही, तर म्हणून घेतो. तू माझ्यावर उपकार केलेस. तू मला शिक्षा दिलीस आणि तीच औषध निघाली.

पुढच्या हंगामात भुऱ्या तुझ्या डाव्या पायाशी बसून बार ऐकायला लागला आणि डुकरं ओढ्यापार राहू लागली. मी तेव्हाही म्हणत राहिलो की मी शिकवलेल्या "बस"मुळेच तो बसतो, आणि तू म्हणत राहिलीस, आसंल बाबा. मी जालन्याला परत गेलो, पण महिन्यातून चार-आठ दिवस यायचो आणि ते भांडण पुढे सरकवायचो. परवा पोळ्याला आलो तेव्हाही निघता निघता म्हणालो की हुकुमाशिवाय कुत्रं म्हणजे नुसतं भटकं जनावर. तू जीपच्या दाराशी उभी होतीस. म्हणालीस, "जा जल्दी, जीप सुटंल. फुडच्या बारीला सांगते." पुढची बारी आली नाही.

तू चुलीपुढे बसल्या जागीच गेलीस, तव्यावर भाकर होती, असं कौसाबाईने फोनवर सांगितलं. मी पोचलो तेव्हा भुऱ्या मक्याच्या बांधावर जाऊन बसला होता आणि तेरा दिवस तो तिथून फारसा हलला नाही. मी भाकर नेऊन ठेवायचो, मी गेल्यावर खायचा.

तेराव्यानंतर विलासने मला बाजूला घेतलं. पोरगा चांगला आहे, आक्का, वाईट वाटून घेऊ नको. पुण्यातली नोकरी सोडून तो मका राखायला येणार नाही. म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षीपासून रान वाट्यानं बटईला देतो. उभा मका आहे तेवढाच प्रश्न. परवाना आईच्या नावावर होता, आता बंदूक ठाण्यात द्यावी लागेल. आणि भुऱ्या आईशिवाय कुणाचं ऐकत नाही. राखणीला तो उपयोगाचा नसेल तर धनगरांना परत देऊन टाकू. तुमच्या फ्लॅटमध्ये तर तो राहणार नाही."

त्याचं काही चूक नव्हतं. मी म्हणालो, मका निघेपर्यंत मी राहतो आणि राखतो. बंदूक नसली तरी कौसाबाईची गोफण आहे, डबा आहे, भुऱ्या आहे. विलास म्हणाला, "भुऱ्या तुमच्यासोबत उभा राहिला तर." त्याला जुनं काही माहीत नाही. तरी नेमकं तेच बोलला.

काल बंदूक ठाण्यात न्यायला काढली तर कौसाबाईने हात धरला. "भाऊ, भरेल हाय ती. बाईंनी जायच्या आदल्या सांजच्याला ठासून ठिवल्ती. टोपी तेवढी लावली न्हाई." मी गज आत घातला. तळाच्या वीतभर आधीच अडला. तू ठासलेली बारूद आत होती, तुझ्याच कुठल्यातरी लुगड्याच्या चिंधीने दाबलेली. ठाण्यात फोन केला तर साहेब म्हणाले, भरलेली आणू नका, रिकामी करून आणा. आणि ठासलेली बंदूक रिकामी करायची मला माहीत असलेली वाट एकच.

म्हणजे तुझा शेवटचा बार मला काढायचा होता. त्याच बंदुकीने, त्याच कुत्र्यासमोर. विलास म्हणाला, भुऱ्याला खोलीत कोंडू. मी नको म्हणालो. या वेळी कुणाला काही दाखवायचं नव्हतं. पण तो माझ्याजवळ उभा राहील की नाही हे मला कळायला हवं होतं, आणि त्यालाही कळायला हवं होतं की मी तोच राहिलो नाही. कौसाबाईला भुऱ्याला घेऊन विहिरीपाशी पाठवलं, दुधातली भाकर देऊन. धरून ठेवू नको म्हणालो, त्याला जिकडे जायचं तिकडे जाऊ दे. मी आठ बांध ओलांडून मक्याच्या कडेला गेलो. विलास माझ्यामागे थोडा लांब उभा होता. आज सकाळचे नऊ वाजले असतील. मी टोपी चढवली, नळी आभाळाकडे केली आणि विहिरीकडे बघितलं. भुऱ्या खात होता.

बार तुझा होता, मापात. खांद्याला धक्कासुद्धा नीट बसला.

धुरातून मला आधी कौसाबाईचा मोकळा हात दिसला, मग भाकरीची वाटी, मग भुऱ्या, तो बांधांवरून उड्या मारत येत होता. माझ्याकडे येत होता. आठही बांध त्याने एका दमात घेतले, माझ्या डाव्या पायाशी येऊन बसला आणि मक्याकडे तोंड करून थांबला. पण तो थांबूनच राहिला. कान ताठ, अंग ताठ, पुढच्या इशाऱ्याची वाट बघत. तू बारानंतर त्याला काय सांगायचीस हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, जा. तो हलला नाही. चल म्हणालो, धर म्हणालो, हुश्श केलं, माझ्या पोतडीतले सगळे हुकूम काढले. तो एकदा वर माझ्याकडे बघून पुन्हा मक्याकडे बघायला लागला. विलास मागून म्हणाला, "बघा मामा, मी म्हणालो होतो."

कौसाबाई बांधांवरून चालत आली, तिला दम लागला होता. मी विचारलं, "बाई काय म्हणायच्या गं याला?"

"कायबी न्हाई," ती म्हणाली. "बाई कवाच काय म्हनल्या न्हाईत. बार झाला की त्या सोता चालाय लागायच्या. मंग ह्यो निघायचा."

मी रिकामी बंदूक खांद्यावर टाकली आणि मक्याच्या कडेकडेने ओढ्याच्या दिशेने चालायला लागलो. मागे बघितलं नाही. दहा-बारा पावलं झाली असतील, आणि माझ्या डाव्या पोटरीला त्याचं ओलं नाक लागलं. मग तो मला मागे टाकून पुढे पळाला. तो वाद तू जिंकलीस, आक्का.